इंजिन एक, टच चार: यामाहा मोंटाज आणि एमओडीएक्सच्या पट्ट्या

यामाहाच्या मोंटाज (२०१६) आणि एमओडीएक्स (२०१८) या सिंथेसायझरांचं आवाजाचं इंजिन जवळपास एकच आहे: सॅम्पलसाठी, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजांसाठी, एडब्ल्यूएम२; एफएमसाठी, म्हणजे एका लहरीनं दुसरी बदलून घडवलेल्या आवाजांसाठी, एफएम-एक्स. एफएम-एक्सची पॉलिफनी (एका वेळी वाजू शकणारे सूर) मोंटाजमध्ये १२८, एमओडीएक्समध्ये ६४, एवढा फरक आहेच. पण सेकंडहँड घेताना या दोघांत निवड करायची असेल, तर टोनच्या यादीत वेळ घालवू नका. पट्ट्यांवर हात ठेवा. पट्ट्यांच्या यंत्रणा वेगळ्या आहेत: मोंटाज ६ आणि ७ ला एफएसएक्स, मोंटाज ८ ला बॅलन्स्ड हॅमर (पियानोसारख्या जड पट्ट्या), एमओडीएक्स ६ आणि ७ ला साधा सेमी-वेटेड (अर्धवट वजनाचा), आणि एमओडीएक्स ८ ला जीएचएस, हाही हॅमरचाच प्रकार. वाद्य चार प्रकारे हाताला लागतं.

एफएसएक्स हा यामाहाच्या सिंथ-टचमधला सर्वांत चांगला, असं माझं ठाम मत आहे. टायरॉस ५ आणि जेनॉसलाही तोच आहे. पट्टी दाबताना किंचित भारदस्त लागते, पण सोडली की झटकन वर येते, त्यामुळे जलद तानेसारखी फ्रेज घेताना बोट अडत नाही. खरी परीक्षा होते काळी दोन किंवा काळी चारमध्ये वाजवताना. तेव्हा बोटं काळ्या पट्ट्यांच्या मधे, आत शिरतात. तिथं पट्टीचा टेकू जवळ येतो, म्हणून तीच पांढरी पट्टी टोकापेक्षा जड लागते. एफएसएक्सवर हा फरक सांभाळून घेता येतो. एमओडीएक्स ६ वर तो चांगलाच जाणवतो, आणि आत वाजवलेला सूर बारीक निघतो. पॅड, ब्रास, ऑर्गनसाठी एमओडीएक्स ६ चा हलका टच पुरेसा आहे. पियानोत मात्र हळू आणि मध्यम यांच्यामधली जागा बोटांना सापडत नाही.

दुसरा मोठा फरक आफ्टरटचचा. पट्टी तळाला टेकल्यावर आणखी दाब दिला की कंपन वाढवायचं, फिल्टर उघडायचा, ही सोय मोंटाजच्या तिन्ही मॉडेलांत आहे, एमओडीएक्सच्या एकाही मॉडेलमध्ये नाही. बासरी, सारंगी, शहनाई वाजवणाऱ्यांनी याचा विचार आधी करावा. एमओडीएक्सवर यातून वाट काढता येते: परफॉर्मन्सच्या (या सिंथमध्ये साठवलेल्या टोनच्या) एडिटमध्ये मॉड/कंट्रोल, मग कंट्रोल असाइन उघडा, जिथं सोर्स आफ्टरटच दिसेल तिथं मॉड व्हील (डावीकडचं चाक) किंवा फूट कंट्रोलर (पायाचं पेडल) निवडा, आणि नव्या नावानं सेव्ह करा. फूट कंट्रोलर (एफसी७) घेतलेला बरा. व्हील वापरलं की डावा हात त्यातच अडकतो.

हॅमरच्या दोन मॉडेलांत निवड सोपी नाही. जीएचएसमध्ये खालच्या सप्तकाच्या पट्ट्या जड, वरच्या हलक्या. बॅलन्स्ड हॅमरमध्ये वजन सगळीकडे सारखं. पियानोच्या रियाजासाठी जीएचएस कामाचा आहे, पण तिथं दोनच सेन्सर असल्यानं तोच सूर पुन्हा वाजवायचा तर पट्टी बऱ्यापैकी वर यावी लागते. घाईनं बोट बदललं की मधला एखादा सूर गळतो. क्लॅव्ह (क्लॅव्हिनेट) किंवा ऑर्गनचे तुटक, झटपट सूर त्यावर वाजवायचा हट्ट करू नये. बॅलन्स्ड हॅमर जास्त भक्कम आहे, मात्र मोंटाज ८ चं वजन २९ किलो आहे. एमओडीएक्स ८ चं १३.८, मोंटाज ६ चं १५ आणि एमओडीएक्स ६ चं ६.६. गावोगावी कार्यक्रम करणाऱ्यांसाठी हे आकडे टचइतकेच महत्त्वाचे. स्टुडिओत एका जागी राहणार असेल तरच मोंटाज ८ घ्यावा.

पेटीवरून आलेल्या हाताची अडचण वेगळीच. पेटीत आवाज लहानमोठा होतो तो भात्यानं, बोटाच्या जोरानं नाही. म्हणून सिंथवर सूर असमान येतात. युटिलिटी, सेटिंग्ज, साउंडमध्ये व्हेलॉसिटी कर्व्ह (बोटाच्या जोराला आवाज किती प्रतिसाद देतो ते ठरवणारी सेटिंग) आहे: नॉर्मल, सॉफ्ट, हार्ड, वाइड, फिक्स्ड. फिक्स्ड लावू नका, त्यानं पियानोचाही जीव जातो. हवा तो पार्ट (टोनमधला एक थर) निवडून त्याची व्हेलॉसिटी डेप्थ ६४ वरून खाली आणा आणि आवाज दबला तर ऑफसेट थोडा वाढवा. बाकीचे टोन जसेच्या तसे राहतात.

पट्ट्या तपासायला पियानोचा टोन लावू नका, एफएम इलेक्ट्रिक पियानो लावा. एफएममध्ये जोर बदलला की आवाजाचा पोतच बदलतो, त्यामुळे असमान पट्टी लगेच कानाला सापडते. एकाच बोटानं, एकाच जोरानं, काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या क्रमानं वाजवा. मग आवाज पूर्ण बंद करून तेच करा आणि खटखट ऐका: एकाच पट्टीची वेगळी खटखट म्हणजे बहुधा फेल्ट झिजलेलं.

एखादा सूर अचानक मोठा आला, तर दोष कुठं आहे ते कळतं. पट्टीखालच्या रबरात दोन संपर्क असतात आणि दोन्हींमधल्या वेळावरून जोर मोजला जातो. धुळीमुळे किंवा दमट हवेमुळे पहिला उशिरा लागला की मधला वेळ कमी भरतो, सूर दणकन येतो. दुसरा उशिरा लागला की बारीक येतो, लागलाच नाही तर येतच नाही. कोकणात, मुंबईत पावसाळ्यानंतर हे हमखास तपासावं. उपाय सोपा, काम किचकट: कीबेड (पट्ट्यांचा पूर्ण सांगाडा) काढून सर्किट बोर्डावरचे काळे ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडानं हलके पुसायचे आणि पूर्ण वाळू द्यायचे. घासलं तर कार्बनचा थर जातो, मग इलाज उरत नाही. रबर परत बसवताना त्याची प्रत्येक खुंटी छिद्रात पूर्ण ओढून घ्यावी. एक जरी अर्धवट राहिली तरी त्या पट्टीचा टच शेजारच्या पट्टीपेक्षा कडक लागतो आणि सगळं पुन्हा खोलावं लागतं.