चिखल धुण्याच्या खेळात मन का रमते : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

‘पॉवरवॉश सिम्युलेटर’ हा खेळ मी गेले कित्येक महिने जवळजवळ रोज रात्री खेळत आलो आहे, आणि एवढ्या काळानंतरही तो संगणकावरून काढून टाकावासा वाटलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. ब्रिटनमधील फ्यूचरलॅब या कंपनीने तयार केलेला हा खेळ मे 2021 मध्ये अपूर्ण स्वरूपात आणि जुलै 2022 मध्ये पूर्ण स्वरूपात आला. त्यात करायचे काम एका वाक्यात सांगता येते: मकिंगहॅम नावाच्या काल्पनिक शहरात कळकट झालेल्या वस्तू आणि वास्तू दाबाच्या पाण्याने धुवायच्या. सुरुवात स्वतःच्या मळलेल्या गाडीपासून होते आणि पुढे बंगले, खेळाचे मैदान, अग्निशमन केंद्र, मेरी-गो-राउंड, आकाशपाळणा, भुयारी रेल्वेचे स्थानक अशी कामे मिळत जातात. शत्रू नाही, हरणे नाही, मुख्य कामांना वेळेची मर्यादा नाही आणि पाणी कधी संपत नाही.

अशा खेळात गंमत ती काय, हा प्रश्न मला घरातल्या प्रत्येकाने विचारला आहे. ‘स्वच्छता सगळ्यांनाच आवडते’ हे त्याचे नेहमीचे उत्तर मला पटत नाही. स्वच्छ जागा सगळ्यांना आवडते. स्वच्छ करण्याचे काम फार थोड्यांना आवडते. खऱ्या सफाईत जे जे जाचक असते ते ते या खेळाने वेचून बाजूला काढले आहे, आणि उरलेल्या भागालाच खेळाचे रूप दिले आहे, असे मला वाटते. खरी फरशी पुसून होईतो दुसऱ्या टोकाला पावले उमटलेली असतात. इथे एकदा धुतलेली पायरी पुन्हा कधीच मळत नाही. खऱ्या घरकामाला शेवट नसतो आणि बहुधा साक्षीदारही नसतो. इथे प्रत्येक भागाचे नाव आणि त्याची टक्केवारी यादीत लिहिलेली असते, भाग पूर्ण झाला की तो क्षणभर उजळतो, एक छोटीशी घंटा वाजते आणि खात्यात पैसे जमा होतात.

त्या घंटेबद्दल थोडे लिहिले पाहिजे, कारण खेळाची सगळी पकड तिच्यात आहे. समजा, एका कुंपणाची उभी फळी धुवायची आहे. मी नॉझल, म्हणजे फवाऱ्याचे तोंड, आडवे फिरवतो, फवाऱ्याची पट्टी फळीच्या रुंदीएवढी होते, आणि वरून खाली एकच सलग ओढ दिली की काळपट मळाखालून लाकडाचा मूळ रंग उघडा पडत जातो. खाली थोडे शेवाळासारखे काही चिकटून राहते, त्यावर दुसरी ओढ. शेवटचा ठिपका मात्र मला काढावा लागत नाही: बहुतेक सगळा भाग निघाला की उरलेले कण खेळ स्वतःच पुसून टाकतो आणि घंटा वाजते. हा बारीकसा सढळपणा फार विचारपूर्वक केलेला आहे. अगदी शेवटचा कण शोधायला लावला असता तर समाधानाची जागा कटकटीने घेतली असती. फार लवकर सूट दिली असती तर काम आपण केले असे वाटले नसते.

नॉझलची निवडही अशीच नेमकी आहे. शून्य अंशाचे लाल, 15 अंशाचे पिवळे, 25 अंशाचे हिरवे आणि 40 अंशाचे पांढरे हे रंग खऱ्या प्रेशर वॉशरवरही याच अर्थाने वापरले जातात. कोन जितका अरुंद तितका मारा तीव्र आणि पट्टी बारीक. कोन रुंद केला की एका वेळी जास्त जागा ओली होते, पण चिवट डाग हलत नाही. म्हणून हिरव्याने मोठे पृष्ठभाग उरकायचे, पिवळ्याने कडा आणि खाचा घ्यायच्या, आणि गंजासारखे हट्टी काही आले की जवळ जाऊन लाल लावायचे, अशी माझी पद्धत ठरून गेली आहे. खऱ्या यंत्राचा लाल फवारा मऊ लाकडावर सरळ रेघ कोरतो आणि मोटारीचा रंग उडवतो. खेळात काचेवरही तो बिनधास्त मारता येतो. मोडतोडीची भीती नसल्यामुळे हात सैल राहतो, आणि रात्री थकल्यावर मला नेमके तेच हवे असते.

काम चालू असताना पार्श्वसंगीत नसते, फक्त पाण्याचा आवाज असतो, आणि तो पत्र्यावर, लाकडावर व काचेवर वेगवेगळा येतो. मी पहिल्या आठवड्यातच स्वतःची गाणी लावून पाहिली आणि लवकरच ती बंद केली. व्याख्याने आणि मुलाखती मात्र या खेळाबरोबर उत्तम जमतात. हात आणि डोळे गुंतलेले, कान मोकळे: भाजी निवडणे आणि गप्पा मारणे जसे एकमेकांच्या आड येत नाही, तसे हे आहे. गोष्ट म्हणून जे काही आहे ते ग्राहकांच्या छोट्या संदेशांतून उलगडते. त्यात महापौरांची हरवलेली मांजर आहे आणि एक ज्वालामुखीही आहे. वाचले तर मजा, न वाचले तर काही बिघडत नाही.

मनाला बरे वाटते हा माझ्यासारख्यांचा नुसता समज आहे की काय, याचा शोध ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी याच खेळाच्या एका खास आवृत्तीच्या मदतीने घेतला. खेळता खेळता मधूनच ‘आत्ता कसे वाटते आहे’ असा प्रश्न पडद्यावर येई आणि खेळाडूने पट्टीवर खूण करायची असे. 39 देशांतील 8,695 खेळाडूंच्या उत्तरांवरून सुमारे 72 टक्के लोकांची मनःस्थिती खेळताना सुधारत असावी आणि ही सुधारणा मुख्यतः पहिल्या 15 मिनिटांत होत असावी, असा त्यांचा अंदाज निघाला. हा आकडा पाहून खेळाला औषधाचा दर्जा देण्याची घाई करू नये. वाढ लहान होती, आणि उत्तरे देणारे सगळे हा खेळ आपणहून खेळायला बसलेले होते. पहिल्या पंधरा मिनिटांचा मुद्दा मात्र माझ्या अनुभवाशी तंतोतंत जुळतो. बसल्या बसल्या डोके हलके होते. त्यानंतरचा दीड तास मी बहुधा ‘एवढी भिंत संपवून उठतो’ या एकाच सबबीवर काढलेला असतो.

आता खटकणाऱ्या गोष्टी. मोठ्या कामांत 97 टक्क्यांनंतरचा प्रवास कंटाळवाणा होतो. मळ चमकवून दाखवणारी कळ आहे, अपुऱ्या भागांची यादीही आहे, तरी आकाशपाळण्याच्या कुठल्या तरी आसनाच्या खालच्या बाजूला राहिलेला पट्टा शोधताना शिडी हलवा, परांची चढा, पुन्हा उतरा, असे चालते. साबणाची कल्पना फसलेली आहे: प्रत्येक पृष्ठभागासाठी वेगळी बाटली, तिचे वेगळे पैसे, आणि चांगले नॉझल हाती असताना तिची गरज जवळजवळ शून्य. वेळेच्या किंवा पाण्याच्या मर्यादेची वेगळी आव्हाने दिली आहेत, ती ज्याला आवडतील त्याला आवडोत. मला तिथे घड्याळाकडे पाहावे लागले आणि मी पुन्हा तिकडे फिरकलो नाही.

तुलनेसाठी या जातीचे इतर खेळही मी अधूनमधून खेळलो, आणि त्यांतून एक गोष्ट अधिक स्पष्ट झाली. 2015 साली पूर्ण झालेल्या ‘व्हिसेरा क्लीनअप डिटेल’मध्ये अवकाशस्थानकावरच्या हाणामारीनंतरचे रक्त पुसायचे असते. तिथे मॉप रक्ताने भरला की तोच मॉप फरशीवर नवे डाग पाडतो, बादलीतले पाणी लाल होते, बादली लवंडली की केलेले सगळे पाण्यात, आणि कचरा भट्टीत नेऊन जाळावा लागतो. म्हणजे घाण नाहीशी होत नाही, तिची जागा बदलते. खऱ्या आयुष्याच्या हा खेळ कितीतरी जवळ आहे आणि विनोदी म्हणून तो उत्तम आहे, पण विसावा म्हणून मी तो कधी उघडत नाही. ‘पॉवरवॉश’मध्ये धुतलेला मळ वाहत गटाराकडे जाताना दिसत नाही, फवारा लागला की तो असतच नाही. या एका सोयीस्कर असत्यावर त्याची सगळी शांतता उभी आहे. 2018 च्या ‘हाउस फ्लिपर’मध्ये झुरळेसुद्धा व्हॅक्यूमने ओढता येतात, पण सफाई संपली की रंगकाम, फर्निचर आणि घराची विक्री सुरू होते, आणि मन पुन्हा हिशोबात अडकते. 2021 चा ‘अनपॅकिंग’ खोक्यांतून सामान काढून लावण्याचा आहे. तो सुंदर आहे, पण त्यातल्या वस्तू कोणाच्या तरी आयुष्याबद्दल बोलतात, त्यामुळे तो लक्ष देऊन खेळावा लागतो.

घेणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक सूचना. फवारा सलग चालू ठेवण्याची सोय सेटिंगमध्ये पहिल्याच दिवशी सुरू करावी, नाहीतर कळ दाबून धरण्याने तासाभरात बोट आणि मनगट भरून येते. सगळे जणू खेळाडूच्या स्वतःच्या डोळ्यांतून दिसते अशा खेळांत ज्यांना गरगरते त्यांनी दृश्याचा कोन वाढवून आणि माउसचा वेग कमी करून पाहावे; छताखाली मान वर करून काम करताना हा त्रास सर्वांत जास्त होतो. मित्रांबरोबर एकत्र धुण्याचीही सोय आहे, पण दुसऱ्याने आपल्या राखून ठेवलेल्या भिंतीच्या मधोमध वेडावाकडा पट्टा ओढलेला ज्यांना सहन होत नाही त्यांनी एकट्यानेच खेळावे. ऑक्टोबर 2025 मध्ये दुसरा भाग आला आहे. पहिल्यातली मोठी कामे अजून शिल्लक असल्यामुळे मला त्याची घाई नाही.