प्रीस्कूलमधले सण: स्टेजवरचा कार्यक्रम की वर्गातला छोटा सण?

सण करायचे हे बहुतेक प्रीस्कूलमध्ये ठरलेलंच असतं, अडतं ते कसे करायचे यावर. एकतर स्टेज, ड्रेस, पालकांना आमंत्रण असा मोठा कार्यक्रम, नाहीतर वर्गातल्याच कुणाची आजी किंवा बाबा येऊन 'आमच्याकडे असं करतात' म्हणून दाखवतात तो छोटा प्रकार. मी दोन्ही केलंय, तीन ते पाच वर्षांच्या मुलांबरोबर, त्यामुळे त्या वयापुरतंच बोलतो.

मोठ्या कार्यक्रमाला सगळे पालक एकत्र भेटतात, एरवी गेटवरूनच परत जाणारेसुद्धा आत येऊन बसतात, आणि काही मुलं स्टेजवर खरंच खुलतात. हे कमी नाहीये.

पण मला कायम खटकलं ते मुलांचं ताटकळणं. चार वर्षांच्या पोराला 'शुक्रवारी प्रोग्राम' म्हणजे काय ते नीट कळत नाही, त्याला आत्ता खेळायचं असतं, आणि आपण त्याला दिवसच्या दिवस रांगेत उभं करून तीच स्टेप करायला लावतो, तेवढे दिवस ब्लॉक्सचा कोपरा बंद, बाहेर खेळणं बंद. प्रोग्रामच्या दिवशी तर पाहुणे येईपर्यंत नटूनथटून भिंतीला टेकून बसायचं. एक मुलगी गळ्याशी टोचणारी लेस ओढत सारखी विचारत होती, 'झालं का आता?', आणि तिचा नंबर आला तेव्हा ती रडून रडून झोपली होती. नंतर मुलांना विचारलं सण कशाचा होता, तर म्हणाली 'डान्सचा'. माझं तिथेच ठरलं.

छोट्या प्रकारात एकाची आजी आली, सणाला घरी म्हणतात ते गाणं तिने तिच्या भाषेत म्हटलं, इतर मुलांना शब्द कळला नाही, मधेच 'तुझे दात कुठे गेले' हेही विचारून झालं, पण तिचा तो एरवी गप्प असणारा नातू नंतर कितीतरी दिवस तेच गाणं म्हणत बाहुलीला झोपवायचा आणि बाकीची पोरं त्याला विचारायची, पुढे काय म्हणायचं रे?

अर्थात सण आला की तेवढ्यापुरती एखादी संस्कृती दाखवायची आणि उद्यापासून तिचं नाव नाही, हा धोका दोन्हीकडे आहे. अमेरिकेतल्या बालशिक्षण अभ्यासक लुईस डर्मन-स्पार्क्स यांनी १९८९ मध्येच याला 'टूरिस्ट करिक्युलम' म्हटलं होतं, म्हणजे पर्यटकासारखं वरवर बघून पुढे जाणारं शिकवणं. म्हणून ती गाणी, ते फोटो नंतरही वर्गात राहू द्या.

छोट्या प्रकाराची अडचण म्हणजे सगळं पालकांवर अवलंबून. शिफ्टमुळे येता येत नसेल तर फोनवरचं रेकॉर्डिंगही चालतं. तारखाही त्यांनाच विचारा, इस्लामी सण दरवर्षी साधारण ११ दिवस आधी सरकतात, मागच्या वर्षीचं कॅलेंडर कामाला येत नाही. आणि यहोवाज विटनेस या ख्रिस्ती पंथासारखी काही कुटुंबं असे सण, अगदी वाढदिवससुद्धा करत नाहीत, त्यांच्याशी अ‍ॅडमिशनच्या वेळीच बोलून ठेवलेलं बरं.

तुमच्याकडे मॅनेजमेंटला कार्यक्रम हवाच असेल तर निदान प्रॅक्टिस काढून टाका, पालकांना सकाळी सरळ वर्गात बोलवा आणि मुलं रोज म्हणतात तीच गाणी त्यांच्याबरोबर बसून म्हणू द्या.