पिळाच्या सळयांचा दरवाजा करून घेतला, त्याबद्दल

गेल्या मे महिन्यात आमच्या रत्नागिरीच्या घराला लोखंडी सेफ्टी डोअर करून घेतला, आता एक अख्खा पावसाळा काढलाय त्याने म्हणून लिहितेय. आधीचा दरवाजा एका दुकानदाराने रॉट आयर्न, म्हणजे घडीव लोखंड, सांगून दिला होता, आतून निघाला पोकळ पाइप! खारी हवा, वर पाइपात पाणी शिरलेलं, चार वर्षांत खालून सडला, बोट लावलं की पापुद्रे हातात यायचे.

या वेळी भट्टी असलेल्या लोहारकाकांकडे गेले. त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं, "ताई, खरं रॉट आयर्न बाजारात मिळत नाही आता, हे एमएसच, म्हणजे साधं माइल्ड स्टील, पण भरीव आणि तापवून घडवलेलं." तेवढ्यावरच विश्वास बसला. खरं घडीव लोखंड म्हणजे भट्टीत बीड (ओतीव लोखंड) वितळवून लांब सळईने ढवळत राहायचे, कार्बन जळत गेला की लोखंड घट्ट होऊन त्याचा गोळा व्हायचा, तो घणाखाली चेपून कीट (लोखंडातला मळ) बाहेर काढायचं, तरी थोडं कीट धाग्यांसारखं आत राहायचंच, म्हणून ते मोडलं तर लाकडासारखे तंतू दिसतात. हेन्री कॉर्टने १७८४ मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं, आयफेल टॉवर त्याच लोखंडाचा आहे. पुढे स्वस्त पोलाद आलं आणि हे काम मागे पडलं.

सळईला पीळ देताना मी समोरच उभी होते. १२ एमएमची चौकोनी सळई लालभडक केली, एक टोक व्हाइसमध्ये आवळलं, दुसऱ्याला पान्हा लावून फिरवायला लागले, आणि जिथे पीळ जास्त बसत होता तिथे मगाने जरा पाणी ओतलं, तेवढा भाग थंड पडला की पीळ आपोआप पुढच्या गरम भागात सरकतो. इतका एकसारखा पीळ आला ना, हात फिरवत राहावंसं वाटतं. वेलबुट्टीपण रेडिमेड चिकटवलेली नाही, पट्टी ऐरणीवर वळवून केलीय.

तक्रारी आहेत. तीन आठवडे उशीर केला, आणि खालच्या पट्टीच्या आतल्या बाजूला वेल्डिंग नीट घासलं नव्हतं, नेमका तिथेच ऑगस्टमध्ये गंज आला. फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी येऊन ग्राइंडर मारून झिंक प्रायमर लावून दिला, पैसे घेतले नाहीत.

हिशोब किलोवर, माझ्यासमोर काट्यावर घातला, ६२ किलो भरला. बिजागऱ्या मात्र जाड मागून घ्या, आमची खालची आत्ताच कुरकुरतेय, ती बदलायला पुढच्या आठवड्यात येणारेत.