ऑर्कासाउंड: ओर्का ऐकायला गेले, जहाजंच जास्त ऐकली

फुकट आहे, अकाउंट काढायला लागत नाही, साइट उघडा आणि प्ले दाबा, बस. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात किनाऱ्याजवळ पाण्यात माईक सोडलेत, हायड्रोफोन म्हणतात त्याला, आणि खाली जे काही चाललंय ते लाइव्ह ऐकू येतं. मी घरून काम करताना लावून ठेवते, आपल्याकडे सकाळ असते तेव्हा तिकडे रात्र पडलेली असते.

आता खरं सांगायचं तर ओर्का, म्हणजे किलर व्हेल, ऐकायच्या म्हणून जाल आणि बहुतेक वेळ पाण्याची खळखळ नाहीतर जहाजच ऐकाल. सॅन हुआन बेटाच्या पश्चिमेचा जो माईक आहे ना तो हॅरो सामुद्रधुनीत आहे, व्हँकुव्हरची मोठी मालवाहू जहाजं तिथूनच जातात. आधी अगदी बारीक गुणगुण येते, वाटतं आपल्याच घरात कुठलंतरी मशीन चालू राहिलंय, मग ती वाढत वाढत शेजारी पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं होतं आणि जाता जात नाही. जहाजाचा पंखा जोरात फिरला की पाण्यात बुडबुडे होतात आणि फुटतात, गोंगाटाचा मोठा वाटा तोच. त्यात पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर पळतो, हवेच्या चौपटीहून जास्त, आणि लांबवर पोचतो.

कंटाळून बंद करणार होते पण मग वाचलं की इथल्या सदर्न रेसिडेंट गटाच्या ओर्का जेमतेम सत्तर-पंचाहत्तर उरल्यात, त्या मुख्यतः चिनूक सामन मासा खातात, आणि तो अंधाऱ्या पाण्यात शोधायचा म्हणजे टकटक आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकायचा. जवळून जाणाऱ्या जहाजाचा आवाज नेमका त्या टकटकीच्या वरच्या पट्टीपर्यंत पण जातो. गोंगाट १ डेसिबलने वाढला की ह्या पण १ डेसिबलने जोरात ओरडतात असं मोजलंय लोकांनी. लोकलमध्ये फोनवर बोलणाऱ्यांना वेगळं समजवायला नको. बोट ४०० यार्डांच्या आत आली की माद्या बऱ्याचदा शिकारच सोडून देतात, हे वाचून मला जास्त वाईट वाटलं.

उपाय काही रॉकेट सायन्स नाही, हळू चालवा. व्हँकुव्हर बंदराने २०१७ पासून हॅरोमध्ये जहाजांना वेग कमी करायला सांगायला सुरुवात केली, ऐच्छिक आहे तरी बरेच जण ऐकतात. आणि शांतता झाली तर फरक पडतो का, तर पडतो, ११ सप्टेंबर २००१ नंतर कॅनडाच्या बे ऑफ फंडीत जहाजं कमी झाली, पाण्यातला गोंगाट ६ डेसिबल उतरला आणि तिथल्या राइट व्हेलच्या विष्ठेत ताणाचे हार्मोन पण कमी सापडले. विष्ठा गोळा करणाऱ्यांना माझा नमस्कार 🙏

फोनच्या स्पीकरवर ऐकून रिव्ह्यू देऊ नका प्लीज, जहाजाचा खर्ज त्यात येतच नाही, हेडफोन लावा. पाण्याखालच्या आवाजावर नुसतं झोपायचं असेल तर कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे बेचा माईक बरा, तो जवळपास ९०० मीटर खोल आहे आणि थंडीत हंपबॅक व्हेल गातात तिथे. ओर्कासाठी मात्र ऑर्कासाउंडच, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बुश पॉइंटचा माईक लावून बघा, आणि शिट्टी किंवा किंचाळी ऐकू आली तर काहीतरी ऐकू आलं असं कळवायचं बटण आहे तिथे, ते दाबा, लोक खरंच बघतात.