पिंपल्सवर ट्यूब, लेप की दोन्ही मिळून?

मेडिकलमध्ये एकीकडे बेंझॉइल पेरॉक्साइड, अडापलीनच्या ट्यूबा, दुसरीकडे कडुनिंब-हळदवालं हर्बल क्रीम, आणि घरी आजी कोरफड कापून तयारच, मग माणसाने लावायचं तरी काय?

नुसती ट्यूब घेतली तर काम पक्कं होतं. बेंझॉइल पेरॉक्साइड बॅक्टेरिया मारतं आणि अँटिबायोटिक जेलची होते तशी त्याची बॅक्टेरियाला सवय होत नाही, अडापलीन बंद होणारी छिद्रं मोकळी ठेवतं. पण चेहरा कोरडा पडतो, सालं निघतात आणि बेंझॉइलने उशीचे अभ्रे पांढरे पडतात (माझे दोन गेले). 10% वालं उगाच आणू नका, 2.5% ने जवळपास तेवढंच काम होतं आणि आग कमी होते.

हर्बलमध्ये त्यातल्या त्यात टी ट्री (एका ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांचं तेल) तपासलेलं आहे, 1990 मध्ये ऑस्ट्रेलियात 124 जणांवर 5% टी ट्री आणि 5% बेंझॉइल लावून बघितलं, फरक दोन्हीने पडला, टी ट्रीने उशिरा पण त्रास कमी. हळद, कडुनिंबाचा पुरावा मात्र पातळच. आणि नॅचरल म्हणजे सेफ असं काही नाही हां, टी ट्रीचं तेल तसंच थापलं तर रॅश येते. तसं बघितलं तर पिंपल्सच्या फेसवॉशमधल्या सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं मूळही विलो नावाच्या झाडाच्या सालीतच, त्यामुळे केमिकल की नॅचरल हे भांडणच अर्धं खोटं आहे.

आता दोन्ही एकत्र, मला हेच पटतं पण कामं वाटून दिली तर. पिंपल्स हटवायचं काम ट्यूबने करायचं आणि शांत करायचं कोरफडीने. रात्री अडापलीन वाटाण्याएवढं अख्ख्या चेहऱ्याला, ते सुकलं की वरून कोरफडीचा गर, फक्त सालीखालचा पिवळा चीक आधी निथळून घ्या, त्यानेच खाज सुटते. अडापलीन चालू असताना लिंबू, टी ट्री, स्क्रब काहीही नको, दोन्हीकडून मार बसला की चेहरा लालबुंद, आणि नक्की कशाने झालं तेही कळत नाही. म्हणून नवीन वस्तू एका वेळी एकच, आधी कानामागे लावून दोन दिवस बघा. तळहातावर सगळं कालवून लावायचं तर नाहीच.

कुठलंही घेतलंत तरी 8 ते 12 आठवडे द्या, सकाळी सनस्क्रीन लावा. प्रेग्नन्सीत अडापलीन नको. आणि खोल दुखणाऱ्या गाठी असतील किंवा खड्डे पडायला लागले असतील तर आजीची कोरफड राहू दे, सरळ स्किनच्या डॉक्टरकडे जा.