ट्रॉपी: पोथ्यांच्या फोटोंसाठी नेटशिवाय चालणारी नोंदवही

पोथ्यांचे फोटो काढायला आता मोबाईलही पुरतो. घोळ होतो तो नंतर. हजारभर फोटोंत कुठलं पान कुठल्या पोथीचं, तेच कळेनासं होतं. ‘ट्रॉपी’ हे मोफत सॉफ्टवेअर नेमकं इथे कामी येतं. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात ते तयार झालं. लॅपटॉपवर एकदा बसवलं की नेट लागत नाही. रिद्धपूरसारख्या, मठामठांत महानुभाव पोथ्या जपणाऱ्या गावासाठी हा फार मोठा गुण आहे.

नवा प्रकल्प उघडतानाच जपून निवडा. एका प्रकारात फोटोंची प्रत प्रकल्पातच राहते, दुसऱ्यात फक्त फोटो कुठे ठेवलाय तो पत्ता. दुसरा घेतला आणि पुढे कुणी फोल्डर हलवलं, की फोटो गायब. जागा जास्त गेली तरी पहिलाच घ्या. मग एका पोथीचे सगळे फोटो निवडून एकत्र जोडले की एक नोंद तयार होते.

रकान्यांचा साचा आधी बनवा. मेनू मराठीत नाहीत, पण रकान्यांना मराठी नावं देता येतात: लेखनकार, लिपी, पानं, कुणाकडे आहे, दाखवायची परवानगी. शके वेगळ्या रकान्यात लिहा. तारखेत इसवी सनच टाका, तोही इंग्रजी आकड्यांत, नाहीतर क्रम लागत नाही. शकात ७८ मिळवायचे. पौषात इसवी वर्ष बदललं की ७९.

फोटोतलं हस्ताक्षर शोधाला वाचता येत नाही. त्यातून सकळ लिपी, म्हणजे महानुभावांची सांकेतिक लिपी, म्हटली की अक्षरांची अदलाबदल! म्हणून टिपणात निदान सुरुवातीची ओळ आणि शेवटची पुष्पिका (पोथीचा समारोपाचा मजकूर) देवनागरीत उतरवाच. पुढे पोथी सापडते ती त्यावरूनच.

गुगल ड्राइव्हवर ठेवलेला प्रकल्प दोघांनी एकदम उघडू नये, फाईल बिघडते. काम संपलं की ट्रॉपी बंद करून दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्या. ते काम ट्रॉपी करत नाही.

नोंदी लोकांपर्यंत पोचवण्यात मात्र ट्रॉपी तोकडं आहे. त्या सीएसव्हीत (तक्त्याच्या साध्या फाईलमध्ये) निघतात, पण एक्सेलमध्ये थेट उघडल्या तर देवनागरीचा चुरा होतो. लिब्रेऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये यूटीएफ-८ ही अक्षरांची पद्धत निवडून उघडा. ओमेका-एस या वेबवर संग्रह मांडायच्या सॉफ्टवेअरवर पाठवायची सोय आहे, पण त्याला सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. लहान वाचनालयाने परवानगी नसलेल्या पोथ्या आधी गाळाव्यात आणि उरलेल्यांच्या पीडीएफ इंटरनेट अर्काइव्ह या मोफत संकेतस्थळावर चढवाव्यात. तिथेही वर्णनात नाव, लिपी आणि शके हातानेच भरावे लागतात.