आत रंग खळखळतोय, बाहेर नुसतं फुस्स: मिनिएचरच्या स्प्रे प्रायमरचे आठ महिने

मार्चमध्ये घेतलेला इम्पोर्टेड काळा प्रायमर, म्हणजे टेबलावरच्या खेळातल्या छोट्या मूर्तींना (मिनिएचर, आम्ही म्हणतो मिनी) रंगाआधी मारायचं अस्तर, मेच्या पहिल्या आठवड्यात बंद पडला. संपला नाही, बंद पडला. हलवला की आतली गोळी टणटण वाजते, रंग खळखळतो, कॅन हाताला जड लागतो, आणि नोझल दाबलं की नुसतं फुस्स. 400 मिलीचा कॅन, 2100 रुपये, आणि तोवर झाल्या होत्या मोजून 23 मिनी. म्हणजे बोटाएवढ्या एकेका शिपायाच्या अस्तराला एक्क्याण्णव रुपये. एवढ्यात गॅलरीच्या ग्रिलला दोन हात मारून झाले असते.

प्रायमर का लागतो, 28 मिमीच्या मिनीवर ब्रशने थेट रंग का धरत नाही, हे सांगत बसत नाही. तुम्ही इथवर आलात म्हणजे बोटाने रंग खरवडून निघण्याचं दुःख तुम्हाला माहीत आहे.

विक्रेत्याला मेसेज केला. उत्तर आलं, ‘झाकण उघडलेला माल परत घेत नाही.’ मी म्हटलं, माल परत घेऊ नका, फक्त एक नोझल पाठवा. प्लॅस्टिकचा तुकडा आहे, नखाएवढा. त्यावर ‘नोझल वेगळं येत नाही, नवीन कॅनवर 5 टक्के सूट देऊ.’ मी बंद कॅनचा व्हिडिओ पाठवला, त्यांनी हात जोडलेला इमोजी पाठवला. असे अकरा मेसेज झाले. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, कारण माल त्यांनी खोटा दिला नव्हता. राग आहे तो त्या नखाएवढ्या तुकड्याचा, आणि हा सगळा अनुभव त्याच्याबद्दलच आहे हे आधीच सांगून ठेवतो.

मग गेलो डोंबिवलीतच, स्टेशनजवळच्या ऑटो पेंटच्या दुकानात. दुकानदाराने विचारलं, ‘साहेब, बंपरला मारायचाय का? गाडी कुठली?’ म्हटलं, गाडी नाही, खेळातले शिपाई आहेत, एवढे एवढे. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटांमधल्या अंतराकडे पाहिलं, आणि काही न बोलता राखाडी प्रायमरचा कॅन काउंटरवर ठेवला. 280 रुपये. खरं तर मी तो रंगासाठी घेतलाच नव्हता, नोझलसाठी घेतला होता.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. कॅनच्या व्हॉल्व्हचे दोन प्रकार असतात. एकात कॅनमधून बारीक नळी वर आलेली असते आणि नोझलला भोक असतं, दुसऱ्यात कॅनला भोक आणि नोझलला खाली दांडी. पहिल्याचं नोझल दुसऱ्यावर बसत नाही. माझं नशीब, दोन्ही एकाच प्रकारचे निघाले. आणि नोझल दाबून बसवताना त्याचं तोंड स्वतःकडे करू नये, कारण बसवणं म्हणजेच दाबणं. माझं डाव्या हाताचं घड्याळ त्या दिवसापासून मॅट ब्लॅक आहे.

दुकानातल्या कॅनचं नोझल इम्पोर्टेड कॅनवर चढवलं आणि कॅन जिवंत झाला. पण फवारा असा, की जणू भिंतच रंगवायची आहे. पहिल्या तीन मिनींच्या चिलखतावरच्या कड्या रंगात बुडाल्या. एकाच्या हनुवटीवर ओघळ आला आणि तो सुकल्यावर शिपायाला दाढी फुटली. दार, बंपर, ग्रिल असं मोठं क्षेत्र पटकन झाकायला हे नोझल ठीक असतं. त्यातून थेंब मोठे पडतात आणि पट्टाही रुंद. मिनीचं तोंड मुगाच्या दाण्याएवढं, त्यावर एवढा मारा म्हणजे नाक-डोळे गेलेच समजा.

दरम्यान चोंदलेलं मूळ नोझल मी थिनरच्या छोट्या बाटलीत टाकून ठेवलं होतं. तीन दिवसांनी काढलं, जुन्या टूथब्रशचा एक केस भोकातून फिरवला. (सुई घालू नका. भोक मोठं झालं की मग ते नोझल राहत नाही, पिचकारी होते.) साफ झालं. आणि निव्वळ कुतूहल म्हणून ते 280वाल्या कॅनवर चढवून पाहिलं.

काय सांगू. धुक्यासारखा बारीक फवारा. वीतभरापेक्षा थोडं जास्त अंतर ठेवून, मिनीच्या अलीकडे सुरुवात करून पलीकडे थांबवत, तीन हलके हात मारले. सुकल्यावर टॉर्च तिरका धरून बघितलं. कड्या मोजता येत होत्या. ढालीवर मी स्वतः कानस फिरवताना पाडलेला ओरखडासुद्धा दिसत होता, जो मला दिसायला नको होता. कॅन दुकानातलाच, त्याच्या त्या दाढी उगवणाऱ्या नोझलच्या जागी फक्त दुसरं नोझल. त्या रात्री मी बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली, ‘छान आहे. कुठला फरक?’

त्यानंतर मी हिशेब ठेवायला लागलो, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघा मारून. दुकानातून आणलेला दुसरा कॅन पूर्णपणे बारीक नोझलने वापरला: 73 मिनी, म्हणजे एका मिनीला 3 रुपये 84 पैसे. रेघा मारलेलं जूनचं पान अजून फाडलेलं नाही.

एक खबरदारी. ऑटो पेंटच्या दुकानात ‘प्रायमर’ म्हटलं की कधी कधी फिलर प्रायमर हातात पडतो. तो जाड असतो, पत्र्यावरचे ओरखडे बुजवण्यासाठीच केलेला. रेझिनच्या थ्रीडी प्रिंटवर थरांच्या रेषा दिसत असतील तर सपाट झग्यावर, पायाखालच्या तळावर तो उपकारच करतो. चेहऱ्यावर मात्र मारू नका. आणि नुसता ‘मॅट ब्लॅक’ म्हणजे रंग झाला, अस्तर नव्हे. ग्लॉसी तर घेऊच नका, त्यावर पाण्यातला ॲक्रिलिक रंग अळूच्या पानावरच्या पाण्यासारखा गोळा होऊन बसतो.

इम्पोर्टेडमध्ये मी काय काय वापरलं ते पटकन सांगतो. सिटाडेल या ब्रँडचा केऑस ब्लॅक चांगलाच झाकतो. 2019 मध्ये त्यांच्याच कॉन्ट्रास्ट नावाच्या पातळ रंगांबरोबर आलेले रेथबोन आणि ग्रे सीअर हे स्प्रे त्या रंगांखाली खरंच वेगळे दिसतात, एक उबदार, एक थंड. त्यांना इथल्या दुकानात पर्याय मला मिळाला नाही. मित्राकडचा मिस्टर सरफेसर 1500 हा प्रायमर एकदा उसना मारला. आकडा जितका मोठा तितका कण बारीक, आणि 1500 म्हणजे मिनीच्या अंगावर काही मारलंय असं वाटतच नाही. पण कॅन 170 मिलीचा. तामियाचा फाइन सरफेस प्रायमर 180 मिलीचा, तोही देखणा, आणि वास दोघांचाही असा, की शेजारच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, ‘अरे, गॅस तर लीक नाही ना झाला?’ तशा त्या फार चुकल्या नव्हत्या. कॅनमध्ये रंग ढकलायला बहुतेक वेळा ज्वलनशील वायूच असतो. तेव्हापासून मी गच्चीवर मारतो, पुठ्ठ्याच्या खोक्यात, मास्क लावून.

लंडनहून मावसभाऊ येणार होता, त्याला म्हटलं दोन कॅन आण. तो म्हणाला, ‘दादा, विमानात चालत नाही, चेक-इनमध्येपण नाही.’ बरोबरच होतं. त्याने रंगाच्या डब्या आणल्या. देशातल्या देशातसुद्धा हे कॅन सहसा विमानाने जात नाहीत, रस्त्यानेच येतात, म्हणून माझं पार्सल भिवंडीत नऊ दिवस बसलं होतं. भिवंडी इथून रिक्षाच्या अंतरावर आहे.

आता जुलै. इथे माझं नोझलपुराण जरा अडखळलं.

त्या आठवड्यात आर्द्रतामापक 88 टक्के दाखवत होता. दोन तास पाऊस थांबला म्हणून गच्चीवर गेलो आणि काळा मारला. सुकला तो राखी पांढुरका होऊन, लोणच्याला बुरा यावा तसा. फवारा उडताना वायू आणि सॉल्व्हंट (रंग पातळ ठेवणारा द्रव) पटकन उडून जातात, पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं बाष्प त्यावर बसतं. त्यात नोझलचा काही दोष नाही, हे मला मान्य करायला दोन दिवस लागले. नंतर कोरड्या दुपारी एक हलका हात मारला आणि पांढुरकेपणा बराचसा गेला.

त्याहून वाईट झालं ते बोर्ड गेमच्या मिनींचं. भाल्याचं टोक बोटाने वाकवलं तर परत सरळ होणारं मऊ प्लॅस्टिक असतं, ते पीव्हीसी. त्यावर तोच 280वाला प्रायमर, तेच लाडकं नोझल. दिसायला अप्रतिम. दुसऱ्या दिवशी चिकट. आठ दिवसांनी चिकट. पंधरा दिवसांनी एक उचलला तर त्याच्याबरोबर दुसराही उचलला गेला. मी पावसाला दोष देत राहिलो, पण शेजारीच त्याच दिवशी मारलेले कडक प्लॅस्टिकचे शिपाई खणखणीत सुकले होते. मऊ पीव्हीसीत ते मऊ ठेवणारं द्रव्य असतं, ते काही स्प्रेंच्या थरात झिरपतं आणि थर कधी कडक होतच नाही. काही स्प्रे चालतात, काही नाही, म्हणून आता एका मिनीच्या तळव्याला मारून चार दिवस थांबतो, किंवा सरळ पाण्यातला प्रायमर ब्रशने लावतो.

ते बारा चिकट वीर डेटॉलमध्ये बुडवून ठेवले. इंग्लंडमधले जुने मिनीवाले रंग काढायला हेच वापरतात. एक दिवस ठेवून टूथब्रशने घासायचं, पण घासतानाही डेटॉलमध्येच, पाणी शेवटी. मी सवयीने आधी नळाखाली धरले. रंगाचा जो काळा डिंक झाला तो बेसिनला, ब्रशला, माझ्या बोटांना. घराला दोन दिवस दवाखान्याचा वास. सासूबाईंनी फोनवर विचारलं, ‘कोणाला लागलंय का?’ बारापैकी नऊ वाचले.

सप्टेंबरमधली भर: वर जे लिहिलं त्यातला एक भाग मागे घेतो. मी विक्रेत्यावर चिडलो होतो की कॅन तिसऱ्या महिन्यात चोंदला. आता तो कॅन पुन्हा बंद पडला, आणि या वेळी नोझल स्वच्छ आहे. आत रंग आहे, वायू संपलाय. कारण मी. प्रत्येक वेळी शेवटी कॅन उलटा करून नोझल साफ करायचं असतं, ते मी इमानेइतबारे दहा-दहा सेकंद करत होतो. कॅन उलटा केला की रंग न येता नुसता वायू बाहेर पडतो. त्याचं पोट मीच रिकामं केलं. आता एक-दोन सेकंद उलटा, कोरडा फवारा आला की बस, आणि नोझल काढून थिनरच्या बाटलीत. शेवटचा आकडा 51 मिनी, एकेकाला 41 रुपये. विक्रेत्याला हे कळवलेलं नाही.

ऑक्टोबरची हीट हा वेगळाच तमाशा. दुपारी बारा वाजता मारलं तर थेंब मिनीपर्यंत पोचायच्या आधीच सुकतात आणि वर रवा भुरभुरल्यासारखं खरखरीत होतं. आता सकाळी सातला जातो. कॅन दोन मिनिटं घड्याळ लावून हलवतो, मिनी खोकल्याच्या औषधाच्या झाकणांवर डबल टेपने चिकटवलेल्या. आधी सगळीकडून काळा, मग वरून तिरका पांढरा, म्हणजे ऊन-सावली आयतीच बसते. थर्माकोलवर मात्र थेट मारू नका. मी गेममधली थर्माकोलची टेकडी मारली, ती विरघळून दरी झाली.

दिवाळीला भाचीच्या किल्ल्यासाठी बाजारातून मातीचे मावळे आणले होते. घोडेस्वाराच्या पगडीचा रंग हात लावताच निघत होता. म्हटलं, आण इकडे. दोन हलके हात राखाडी, मग तिने स्वतः भगवा लावला. माती प्रायमर पिते, त्यामुळे पहिला हात कुठे गेला कळलंच नाही, पण दुसऱ्यानंतर रंग पक्का बसला. चौदा मावळे, एक तोफ, एक वाघ. कॅलेंडरवर मी सोळा रेघा मारल्या. वाघ मोठा होता, त्याची एकच धरली.

परवा विक्रेत्याचा मेसेज आला, सहा महिन्यांनी: ‘सर, आपल्यासाठी नोझल उपलब्ध झाले आहे, मोफत. कुरिअर चार्ज 120.’

120 रुपयांत एकतीस मिनी होतात. मी अजून उत्तर दिलेलं नाही.